रनिंग बॅकची जोड कशी लावावी : हॉल ऑफ फेमसाठी दोन खेळाडूंची तुलना करण्याची रीत

बेळगावात फुटबॉल म्हटले की पायाने खेळायचा गोल चेंडू डोळ्यांसमोर येतो, आणि ते योग्यच आहे. या लेखातला फुटबॉल मात्र अमेरिकेतला, लांबट चेंडू काखेत दाबून पळण्याचा आहे. आपल्याकडे तो पाहणारे थोडे असले तरी हट्टी आहेत. रविवारी रात्री साडेदहाला, थंडीच्या दिवसांत साडेअकराला, सामने सुरू होतात. सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, तर सोमवारी पहाटे पाचला असतो आणि मध्यंतर होईस्तोवर दारात दूधवाला आलेला असतो. एवढे जागरण करणारी माणसे भांडणारच, आणि त्यांचे आवडते भांडण म्हणजे अमक्या रनिंग बॅकला हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या मानाच्या दालनात, जागा मिळायला हवी की नको. हे भांडण दहापैकी नऊ वेळा एकाच आकड्यावर येऊन थांबते : त्याने कारकिर्दीत एकूण किती यार्ड काढले? माझे म्हणणे असे आहे की हा आकडा सर्वांत शेवटी बघावा. त्याआधी काय काय आणि कोणत्या क्रमाने बघावे, ते पुढे सांगितले आहे.

ज्यांनी खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चेंडू ज्या संघाकडे असतो त्याला दहा यार्ड, म्हणजे तीस फूट, पुढे सरकायला चार संधी मिळतात. रनिंग बॅक हा आघाडीच्या फळीमागे उभा राहून चेंडू हाती घेतो आणि समोरच्या अकरा जणांतून वाट काढतो. अशा एका धावेला कॅरी म्हणतात. एका कॅरीत सरासरी चार यार्ड मिळाले तर काम चांगले, साडेचार मिळाले तर उत्तम, आणि पाच यार्डांची सरासरी सबंध कारकीर्दभर टिकवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

आता जोडीबद्दल. जत्रेच्या मैदानात जोड लावणारा वस्ताद पैलवानाला ‘आजवर किती कुस्त्या मारल्यास’ असे पहिल्यांदा विचारत नाही. तो वजन बघतो, वय बघतो, तालीम कोणती ते विचारतो आणि मागच्या हंगामात कोणाकोणाशी लढलास ते विचारतो. हे मी अनुभवाने शिकलो. काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या एका गावात हंगामातल्या उत्तम पैलवानाला गदा द्यायची होती आणि नोंदवही माझ्याकडे होती. मी विजयांची बेरीज केली आणि ज्याची बेरीज मोठी त्याचे नाव पुढे केले. गदा देऊन झाल्यावर एका म्हाताऱ्या वस्तादांनी वही मागून घेतली, पाने उलटली आणि प्रत्येक नावापुढे बोट ठेवत समोरच्या पैलवानाचे वजन सांगितले. निम्म्याहून अधिक कुस्त्या दहा-दहा किलो हलक्या पोरांशी झाल्या होत्या. ‘बेरीज बरोबर हाय बघ, जोड चुकलीया,’ एवढेच बोलून त्यांनी वही परत दिली. रनिंग बॅकची तुलना करताना मी अजून ती वही आठवतो.

निवड कशी होते

ओहायो राज्यातल्या कँटन गावी हा हॉल ऑफ फेम आहे. ज्या लीगला आज एनएफएल म्हणतात तिची स्थापना १९२० मध्ये याच गावात, एका मोटारगाड्यांच्या दालनात झाली होती, म्हणून जागा कँटनची. हॉल ऑफ फेम १९६३ मध्ये उघडला आणि पहिल्या तुकडीत १७ जण होते. खेळाडू निवृत्त होऊन पाच पूर्ण हंगाम लोटल्याशिवाय त्याचे नाव विचारात घेतले जात नाही. क्रीडापत्रकारांचा मोठा भरणा असलेली सुमारे पन्नास जणांची निवड समिती असते आणि अंतिम फेरीत ८० टक्के मते पडावी लागतात. कारकीर्द संपून २५ वर्षे होऊन गेली की नाव ज्येष्ठांच्या वेगळ्या यादीत जाते, जिथली दारे आणखी अरुंद आहेत. निवडताना फक्त मैदानावरची कामगिरी बघायची असा नियम आहे. त्यामुळे खेळाडू माणूस म्हणून कसा होता, कोर्टात गेला होता काय, हे प्रश्न आपल्यालाही वहीबाहेर ठेवावे लागतात, मनाला पटो अगर न पटो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एका वर्षी जागा मोजक्या असतात आणि रनिंग बॅकला तिथे केवळ दुसऱ्या रनिंग बॅकशी झुंजावे लागत नाही, तर क्वार्टरबॅक (पास फेकणारा, चाली चालवणारा खेळाडू), बचावपटू, अगदी किक मारणाऱ्याशीही झुंजावे लागते. म्हणून ‘तो आत आहे, मग हा का नाही’ हा युक्तिवाद दिसतो तितका भक्कम नाही; आत गेलेल्यांपैकी सर्वांत कमकुवत नाव शोधून त्याच्याशी आपल्या माणसाची जोड लावणे म्हणजे पुन्हा दहा किलो हलके पोर शोधण्यासारखेच आहे.

वही आखून घ्यावी

साधी दोनशे पानी वही पुरते. एका खेळाडूला समोरासमोरची दोन पाने द्यावीत आणि डाव्या पानावर प्रत्येक हंगामाला एक ओळ ठेवावी. त्या ओळीत वर्ष, संघाचे सामने, हा खेळला ते सामने, कॅरी, यार्ड, टचडाऊन (चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेणे), झेललेले पास, आणि लीगमध्ये त्या वर्षी धावण्यात त्याचा कितवा क्रमांक लागला हे लिहावे. क्रमांकाच्या शेजारी एक रकाना मुद्दाम जास्तीचा ठेवावा : तो पहिला असेल तर दुसऱ्याचे यार्ड, आणि पहिला नसेल तर पहिल्याचे. उजव्या पानावर प्लेऑफचे, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीचे, सामने आणि संघातल्या इतरांबद्दलच्या नोंदी येतील. कारकिर्दीची बेरीज या दोन्ही पानांवर लिहू नये. ती वहीच्या शेवटच्या पानावर, सर्वांची एकत्र, लिहावी. हा पोरखेळ वाटेल, पण डोळ्यांपुढे १६,००० हा आकडा असला की बाकीचे रकाने कोणी वाचत नाही.

आधी त्याच्याच काळातले लोक

सर्वांत बोलका रकाना तो जास्तीचा. जिम ब्राऊनचे पान उघडावे. १९५८ मध्ये त्याने १२ सामन्यांत १,५२७ यार्ड काढले, आणि त्या वर्षी दुसरा आलेल्या ॲलन अमीचीचे यार्ड होते ७९१. म्हणजे पहिला आणि दुसरा यांच्यात जवळपास दुपटीचे अंतर. १९६३ मध्ये पुन्हा तेच : ब्राऊन १,८६३, दुसरा जिम टेलर १,०१८. नऊ हंगामांपैकी आठ हंगामांत तो पहिला होता. उरलेल्या १९६२ मध्ये हाच टेलर पुढे गेला. आज १,५२७ यार्डांचा हंगाम पाहून कोणी जागचा उठणार नाही, पण ७९१ शेजारी ठेवला की त्या हंगामाचे खरे वजन कळते.

याच रकान्यामुळे पहिल्या क्रमांकाचा पोकळपणाही कळतो. २००४ मध्ये कर्टिस मार्टिनने १,६९७ यार्ड काढून पहिला क्रमांक मिळवला आणि शॉन अलेक्झांडर १,६९६ वर राहिला. एक यार्ड, तीन फूट. ‘लीगमध्ये पहिला’ आणि ‘लीगमध्ये दुसरा’ या दोन शब्दांत वर्तमानपत्राला जेवढे अंतर दिसते तेवढे मैदानावर नव्हते, म्हणून त्या वर्षी दोघांनाही सारखेच गुण द्यावेत. त्याहून मौजेची गोष्ट बॅरी सँडर्सच्या पहिल्या हंगामाची. १९८९ च्या शेवटच्या सामन्यात संघ जिंकत होता, सँडर्स बाकावर बसला होता आणि पहिला क्रमांक अगदी हाताच्या अंतरावर होता. प्रशिक्षकांनी विचारले तेव्हा त्याने पुन्हा मैदानात जायला नकार दिला. तो १,४७० वर थांबला, ख्रिश्चन ओकोये १,४८० यार्डांवर पहिला ठरला. दहा यार्डांसाठी एका वीस-एकवीस वर्षांच्या पोराला दुसरा म्हणायचे असेल तर म्हणावे, मी माझ्या वहीत तिथे नुसती एक फुली मारून ठेवली आहे.

म्हणून किती वेळा पहिला आला एवढेच मोजू नये. पहिल्या तिघांत किती हंगाम होता आणि पहिल्यापासून किती अंतरावर होता, हे दोन प्रश्न एकत्र विचारावेत. फ्रँक गोरच्या नावावर १६ हंगामांचे बरोबर १६,००० यार्ड आहेत. त्याच्यापुढे केवळ एमिट स्मिथ आणि वॉल्टर पेटन आहेत. परंतु गोर एकाही वर्षी पहिला नव्हता. सर्वांत जवळ तो २००६ मध्ये गेला, १,६९५ यार्ड काढून तिसरा. ही गोष्ट त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरायची नाही, पण ती न लिहिता त्याचे पान पुरेही होत नाही.

हंगामाची लांबी

१९४७ ते १९६० एका हंगामात १२ सामने होते, १९६१ पासून १४, १९७८ पासून १६ आणि २०२१ पासून १७. जुन्या आणि नव्या खेळाडूंची जोड लावताना हा फरक विसरणे ही सर्वांत सोपी आणि सर्वांत मोठी चूक आहे. एका हंगामात २,००० यार्डांचा टप्पा आजवर नऊ जणांनी गाठला आहे, त्यांतला पहिला ओ. जे. सिम्पसन, १९७३ मध्ये, २,००३ यार्डांसह. यादीत तो सर्वांत खाली दिसतो. पण त्याचा हंगाम १४ सामन्यांचा होता, म्हणजे सामन्यामागे १४३ यार्ड; विक्रम ज्याच्या नावावर आहे त्या एरिक डिकरसनचे १९८४ मधले २,१०५ यार्ड १६ सामन्यांतले, म्हणजे सामन्यामागे सुमारे १३२. सिम्पसनच्या जवळपास कोणीच नाही. २०२४ मध्ये सेक्वॉन बार्कले २,००५ वर पोहोचला तेव्हा विक्रम मोडायला १०१ यार्ड कमी होते आणि सतरावा सामना शिल्लक होता. संघाने त्याला प्लेऑफसाठी विश्रांती दिली. सतराव्या सामन्याच्या जोरावर विक्रम मोडला असता तर काय म्हणावे, हा वाद त्यामुळे आपोआप मिटला, आणि मला व्यक्तिशः त्याचे बरेच वाटले.

संपाची वर्षे वेगळ्या शाईने लिहावीत. १९८२ मध्ये खेळाडूंच्या संपामुळे हंगाम नऊ सामन्यांवर आला. १९८७ मध्ये पंधरा सामने झाले आणि त्यांतले तीन बदली खेळाडूंनी खेळले. पेटनचे १९० सामने वाचून कोणाला वाटेल की तेरा वर्षांत हा गडी बरेचदा दुखापतीने बाहेर बसला असेल. प्रत्यक्षात हंगामवार बेरीज केली तर संप वगळता त्याचा एकच सामना चुकल्याचे दिसते, तोही पहिल्या वर्षी. दुसरीकडे ब्राऊनची बेरीज करून पहावी : १२ सामन्यांचे चार हंगाम आणि १४ सामन्यांचे पाच मिळून ११८ होतात, आणि त्याच्या नावापुढे सामने आहेत ११८. जो खेळाडू प्रत्येक कॅरीनंतर दोन-तीन आडदांड माणसांच्या ढिगाऱ्याखालून उठतो त्याची नऊ वर्षांत एकही गैरहजेरी नाही, हे मला त्याच्या १२,३१२ यार्डांपेक्षा अधिक थोर वाटते.

हजेरीचा रकाना

सामन्यामागे सरासरी काढणे चांगले, पण ती एकटी फसवते. कर्टिस मार्टिन आणि फ्रेड टेलर यांची जोड याला उत्तम. मार्टिनचे १६८ सामन्यांत १४,१०१ यार्ड, म्हणजे सामन्यामागे ८३.९, टेलरचे १५३ सामन्यांत ११,६९५, म्हणजे ७६.४. इथे मार्टिन पुढे. कॅरीमागची सरासरी पाहिली तर टेलर ४.६ आणि मार्टिन ४.०, म्हणजे टेलर उघडच वरचढ. त्याची धाव ज्यांनी पाहिली आहे त्यांना आकड्यांची गरजही लागत नाही. तरी मार्टिन २०१२ मध्ये आत गेला आणि टेलर अंतिम यादीपर्यंत येऊन थांबला. असे का, ते हजेरी सांगते. मार्टिनच्या ११ हंगामांत एकूण १७६ सामने होते, त्यांतले १६८ तो खेळला. टेलरच्या १३ हंगामांत २०८ होते, त्यांतले १५३. शंभराला पंचाण्णव आणि शंभराला चौऱ्याहत्तर. शिवाय मार्टिनने पहिल्या वर्षापासून सलग दहा हंगाम हजार यार्डांचा टप्पा ओलांडला, तर टेलरने असे सात हंगाम काढले आणि मानाच्या प्रो बोल सामन्यासाठी त्याची निवड तेवढी एकदाच, २००७ मध्ये, झाली.

मी स्वतः टेलरच्या बाजूचा आहे, हे लपवत नाही. पण प्रशिक्षकाच्या जागी उभे राहून पाहिले तर प्रत्येक चौथ्या रविवारी जो माणूस मैदानात नाही, त्याच्या भरवशावर डाव मांडता येत नाही, आणि हॉल ऑफ फेमची समिती हाच हिशोब मांडत आलेली आहे. गेल सेयर्स हा त्याला अपवाद. अवघे ६८ सामने आणि ४,९५६ यार्ड. तरी तो १९७७ मध्ये पहिल्याच संधीत, वयाच्या ३४ व्या वर्षी, आत गेला, कारण गुडघे शाबूत असताना त्याने जे केले त्याला त्या काळात जोडच नव्हती. १९६५ च्या पहिल्याच हंगामात २२ टचडाऊन, त्यांतले सहा एकाच सामन्यात, चिखलाने भरलेल्या मैदानावर. कमी हजेरीच्या प्रत्येक खेळाडूसाठी आज सेयर्सचे नाव पुढे केले जाते. ते करायला हरकत नाही, मात्र त्या खेळाडूच्या पानावर तसा एखादा हंगाम दाखवता आला पाहिजे.

फळीचे श्रेय कोणाचे

रनिंग बॅक वाट काढतो असे आपण म्हणतो, पण ती वाट बहुतेकदा पुढचे पाच जण उघडतात. उजव्या पानावर त्यांची नावे लिहावीत आणि त्यांतले किती हॉल ऑफ फेममध्ये आहेत ते पाहावे. शॉन अलेक्झांडरने २००५ मध्ये १,८८० यार्ड आणि २८ टचडाऊन करून लीगमधल्या सर्वांत मोलाच्या खेळाडूचा मान मिळवला. त्याच्या डाव्या बाजूला उभे होते वॉल्टर जोन्स आणि स्टीव्ह हचिन्सन, आणि ते दोघेही पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले. हचिन्सन दुसऱ्या संघात गेला त्या २००६ च्या हंगामात अलेक्झांडरची सरासरी ३.६ वर आली. पायाचे हाड मोडल्याने तो दहाच सामने खेळला हेही खरे, म्हणून सारा दोष एका बाजूला टाकता येत नाही. परंतु मत देणाऱ्यांच्या मनात शंका उभी राहायला तेवढे पुरले.

फळीची परीक्षा घेण्याची एक चांगली रीत म्हणजे खेळाडू नसताना काय झाले ते पाहणे. एमिट स्मिथच्या विरुद्ध नेहमी म्हटले जाते की डॅलसच्या त्या भिंतीमागे कोणीही पळाला असता. १९९३ मध्ये कराराच्या वादामुळे स्मिथ पहिले दोन सामने खेळलाच नाही, आणि आदल्या वर्षीचा विजेता संघ ते दोन्ही सामने हरला. फळी तीच होती. तो परतल्यावर १४ सामन्यांत १,४८६ यार्ड काढून लीगमध्ये पहिला आला, सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला आणि संघाने सुपर बोल जिंकला. त्या हंगामाचा शेवटचा सामना न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध होता. पहिल्या अर्ध्यातच त्याचा खांदा निखळला. त्यानंतरही तो खेळत राहिला, जादा वेळेतही खेळला आणि दिवसअखेर ३२ कॅरीत १६८ यार्ड व वर दहा झेल एवढे काम करून बाहेर आला. दुसऱ्या अर्ध्यात प्रत्येक धावेनंतर तो एका हाताने जमीन टेकून उठतो, दुसरा हात अंगाशी धरलेला असतो. हे ज्याने पाहिले त्याने ‘फळीमुळे’ हा शब्द जरा जपून वापरावा.

उलट दिशेची परीक्षाही घ्यावी. एजरिन जेम्स इंडियानापोलिसमध्ये असताना १९९९ आणि २००० अशी सलग दोन वर्षे लीगमध्ये पहिला आला. २००६ मध्ये तो ॲरिझोनाला गेला, तिथे त्याची सरासरी ३.४ झाली, आणि त्याच हंगामात जुना संघ त्याच्यावाचून सुपर बोल जिंकला. जेम्स २०२० मध्ये आत गेला आणि ते मला मान्य आहे, पण त्याला त्याआधी वाट पाहावी लागली यात नवल नाही.

नुसते पळणे पुरेसे नाही

झेललेले पास, क्वार्टरबॅकच्या अंगावर येणाऱ्याला अडवणे आणि हातातला चेंडू न सांडणे ही तिन्ही कामे रनिंग बॅकचीच आहेत. यांतले अडवण्याचे काम आकड्यांत फारसे सापडत नाही. त्यासाठी सामने पाहावे लागतात. झेलांचे मात्र सापडते. मार्शल फॉकचे धावण्याचे यार्ड १२,२७९, आणि पास झेलून मिळवलेले आणखी ६,८७५. दोन्ही मिळून १९,१५४. एकाच हंगामात धावून हजार आणि झेलून हजार हे आजवर तिघांनाच जमले : १९८५ मध्ये रॉजर क्रेग, १९९९ मध्ये फॉक आणि २०१९ मध्ये ख्रिश्चन मॅकॅफ्री. थर्मन थॉमस धावण्यात एकदाही पहिला नव्हता, तरी दोन्ही यार्ड मिळवले तर १९८९ ते १९९२ अशी ओळीने चार वर्षे तो लीगमध्ये पहिला होता. तो २००७ मध्ये आत गेला. धावण्याचाच रकाना वाचणाऱ्याला तो का गेला हे कधी कळणार नाही.

प्लेऑफ, आणि टेरेल डेव्हिसचे पान

प्लेऑफला किती वजन द्यावे याबद्दल मतभेद आहेत. संघ प्लेऑफला पोहोचला नाही तर त्यात एकट्या रनिंग बॅकचा दोष नसतो; बॅरी सँडर्सने दहा वर्षांत प्लेऑफचा एकच सामना जिंकला आणि त्याच्या थोरवीत त्याने काही उणे आले नाही. म्हणून मी प्लेऑफमुळे कोणाचे गुण कापत नाही, मात्र मिळवले असतील तर वाढवतो.

टेरेल डेव्हिसचे पान या एका रकान्यावर उभे आहे. ७८ सामने, ७,६०७ यार्ड. १९९९ च्या चौथ्या सामन्यात गुडघा गेला आणि त्यानंतर तो पूर्वीसारखा कधी दिसला नाही. शंका घेणारे आणखी एक गोष्ट काढतात : तो गेल्यावर डेन्व्हरमध्ये ऑलँडिस गॅरीने १९९९ मध्ये १,१५९ आणि माईक अँडरसनने २००० मध्ये १,४८७ यार्ड काढले, म्हणजे करामत पद्धतीची होती. हा आक्षेप वजनदार आहे आणि उजव्या पानावर तो लिहिलाच पाहिजे. पण डाव्या पानावर १९९८ चे २,००८ यार्ड आहेत, १९९६ मध्ये पहिला क्रमांक सँडर्सकडे केवळ १५ यार्डांनी गेल्याची नोंद आहे, आणि खाली प्लेऑफचे आठ सामने आहेत : १,१४० यार्ड, १२ टचडाऊन, आठांपैकी सात सामन्यांत विजय. जानेवारी १९९८ मधल्या सुपर बोलमध्ये सामन्याच्या पहिल्या चतुर्थांशाच्या अखेरीस त्याला अर्धशिशीचा झटका आला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. प्रशिक्षकांनी तरीही त्याला एका चालीसाठी मैदानात उभे केले, कारण तो नसता तर समोरच्यांनी ओळखले असते की चेंडू त्याच्याकडे जाणार नाही. तो नीट न दिसणाऱ्या डोळ्यांनी खोटी धाव पळाला, सगळे त्याच्यावर तुटून पडले आणि क्वार्टरबॅक जॉन एल्वे स्वतः चेंडू घेऊन रेषेपलीकडे गेला. दुसरा चतुर्थांश त्याने बाहेर बसून काढला. सामन्याअखेर १५७ यार्ड आणि तीन टचडाऊन त्याच्या नावावर होते. गॅरी आणि अँडरसन यांच्या पानांवर असे काही नाही. तो २०१७ मध्ये आत गेला, पात्र झाल्यापासून दहा वर्षांनी.

आता गोर आणि डेव्हिस यांची जोड लावली तर निकाल काय? गोरच्या यार्डांत डेव्हिस दोनदा मावतो. पण सामन्यामागे गोर ६६.४ आणि डेव्हिस ९७.५, लीगमध्ये पहिला गोर कधीच नाही, डेव्हिस एकदा आणि दोनदा दुसरा. गोरच्या बाजूला २४१ सामने आहेत, तेही महाविद्यालयात असताना दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झालेल्या माणसाचे, आणि हजार यार्डांचे नऊ हंगाम आहेत. माझ्या वहीत डेव्हिस वर आहे. दोघेही त्या दालनात शोभतात हे खरे असले तरी जोड लावायला बसल्यावर ‘दोघेही चांगले’ हे उत्तर पंचाला देता येत नाही.

हाताशी घ्यावे असे पान

सराव करायचा असेल तर ॲड्रियन पीटरसनचे पान घ्यावे. तो शेवटचा २०२१ च्या हंगामात खेळला, म्हणजे पाच हंगामांच्या नियमाने त्याचे नाव २०२७ च्या तुकडीसाठी विचारात येते. धावण्यात तो तीनदा पहिला : २००८ मध्ये १,७६० यार्ड, दुसऱ्याचे १,६९९; २०१५ मध्ये १,४८५, दुसऱ्याचे १,४०२; आणि मधल्या २०१२ मध्ये २,०९७, दुसऱ्याचे १,६१३. हा २०१२ चा हंगाम, गुडघ्याचा अस्थिबंध तुटल्यानंतर वर्षाच्या आत सुरू झालेला आणि डिकरसनच्या विक्रमापासून आठ यार्डांवर थांबलेला, एकटाच अनेकांच्या कारकिर्दींना भारी आहे. २०१४ च्या ओळीत एकच सामना येईल. त्याचे कारण मैदानाबाहेरचे आहे, ते लिहू नये, पण हजेरीतून पंधरा सामने वजा जरूर करावेत. झेलांचा रकाना फिका दिसेल, प्लेऑफचा त्याहून फिका. उजव्या पानावर सात संघांची नावे येतील, त्यांतली शेवटची काही केवळ यार्ड वाढवण्यापुरती. हे सगळे भरून झाले, क्रमांक मांडून झाले, शेजारी दुसऱ्या कोणाचे पान उघडून एकेक ओळ ताडून झाली, की मग वही उलटी करावी आणि शेवटच्या पानावर, स्मिथ, पेटन, गोर आणि सँडर्स यांच्या खाली, पाचव्या ओळीत १४,९१८ असे लिहावे.